अडलं असेल तर बसा

मित्रांनो, मी एक जुनं घडीचं टेबल आहे. माझं वरचं तपकिरी रेक्झिन कोपऱ्यात फाटलंय, पाय चार आहेत आणि त्यातला मागचा डावा पाय चावतो. खोटं वाटत असेल तर उघडून बघा. खटका दाबताना खालून गुडघा लावला नाहीत तर बोट अडकलंच म्हणून समजा. स्वभावानेही मी तसाच आहे, जरा फटकळ. गोडगोड ऐकायची सवय असेल तर दुसरं एखादं टेबल गाठा, इथे तुमचं मन रमायचं नाही.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यात झाला. आम्ही सगळी पत्ते खेळायची टेबलं. मी ज्या जोडप्याच्या घरी गेलो, ते म्हातारपणी थंडीला कंटाळून कॅलिफोर्नियात राहायला आलं आणि मीही त्यांच्या सामानातून आलो. दर शुक्रवारी दोन शेजारी यायचे, खारे दाणे खायचे आणि एकमेकांवर डाव चोरल्याचा आळ घ्यायचे. मजेत दिवस गेले. मग आजोबा वारले, आणि आजीने सगळा संसार अंगणात मांडून विकायला काढला.

तिथे व्हर्ना ओडम नावाच्या बाईंनी मला उचललं. उचलल्याबरोबर मी त्यांना चावलो. "मेल्या!" म्हणून त्यांनी बोट तोंडात घातलं, आणि तरीही मला गाडीत टाकलं. चावणाऱ्यालाही न सोडणारी बाई आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाई आमच्या गावच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. या कॉलेजचं दार कुणालाही उघडं. टोमॅटोच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले, बदामाच्या बागेत राबणारे, तुरुंगातून सुटलेले, चाळिशीत पहिल्यांदा वही उघडणारे, सगळे तिथे यायचे. बाई मात्र तिथे तासावर होत्या. जितके तास मिळतील तितकंच काम, आणि दर सत्राला नवी चिठ्ठी. कायमच्या मास्तरांना केबिन होती, केबिनला दार होतं आणि दारावर नाव होतं. तासावरच्यांना काहीच नाही. मुलांना तासाबाहेर भेटायचं तर भेटा कुठेही, झाडाखाली भेटा, गाडीत भेटा.

बाई झाडाखाली भेटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ग्रंथालयाच्या जिन्याशेजारी, चिप्सच्या मशीनला लागून मला मांडलं, दोन खुर्च्या ओढल्या आणि माझ्या कडेला एक कागद चिकटवला: 'अडलं असेल तर बसा.' झालं बाईंचं ऑफिस. संध्याकाळी सफाईवाले अन्सेल्मो मला घडी करून जिन्याखालच्या अडगळीत ठेवायचे. कॉलेजच्या नियमात ते बसत नव्हतं, पण अन्सेल्मो नियमांची पर्वा फारशी करत नसत.

सतरा वर्षं मी त्या जागेवर उभा राहिलो. पहिल्या महिन्यात दोनतीन मुलं यायची, पुढे पुढे रांग लागायला लागली. अपूर्णांक अडला की मुलं यायची, आणि मग खरं काय अडलंय ते हळूच बाहेर पडायचं. कुणाचा फॉर्म तीनदा परत आलेला असायचा. कुणाची सकाळची बस बंद झालेली. कुणाचा नवरा घर सोडून गेलेला आणि त्याच आठवड्यात परीक्षा. विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वेगळं ऑफिस होतं, नाही असं नाही. ते चार वाजता बंद व्हायचं आणि आमची निम्मी मुलं कामावरून सुटायचीच चारनंतर. बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "कुठे अडलं?" काय येत नाही, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

पण म्हणून त्या मायाळू होत्या असं समजू नका. छे! बाई गुण देण्यात भारी कडक.

येसेनिया बारागानची गोष्ट सांगतो, म्हणजे पटेल. ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. टोमॅटोच्या कारखान्यात कामाला, नखांत लाल रंग, आणि पोटाशी बांधलेलं चार महिन्यांचं मूल. मूल झोपलं की ती त्याला माझ्यावरच निजवायची, एका बाजूला पुस्तक, एका बाजूला बाळ. मी त्या काळात पाय अजिबात हलू दिला नाही, एवढं माझ्याबद्दल चांगलं सांगता येईल.

सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा पेपर घेऊन ती आली ती रागाने लाल होऊनच.

"बाई, हे उत्तर बरोबर आहे की!"

"आहे," बाई म्हणाल्या.

"मग शून्य कसं?"

"उत्तर आलं कुठून?"

"डोक्यातून! कारखान्यात दिवसभर मी हेच करते. किती पेट्या, किती पाट्या, सगळं तोंडी."

"मग डोक्याला मी पैकीच्या पैकी दिलेत. कागदावर पायऱ्या नाहीत, कागदाला शून्य."

ती दोन गुणांनी नापास होत होती. सगळं सत्र पुन्हा करावं लागणार होतं, पुन्हा कारखाना, पुन्हा बाळाला कुणाकडे ठेवायचं याची ओढाताण. ती माझ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. बाईंनी तिच्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला, गुण काही सरकवले नाहीत.

त्या वेळी फिल कोबार्ट तिथेच होते. फिल म्हणजे गणिताचे कायमचे मास्तर. त्यांना केबिन होती, दार होतं, पण एकट्याने जेवणं त्यांच्या जिवावर यायचं. रोज दुपारी ते माझ्याशी येऊन बसायचे आणि संत्रं सोलायचे. सालं माझ्यावरच टाकायचे, उचलायचे मात्र बाईंनी. येसेनिया गेल्यावर ते म्हणाले, "अगं व्हर्ना, दे ना दोन गुण. तुला माहीत आहे तिला येतं ते."

"मला माहीत असून काय उपयोग, फिल? पुढच्या कॉलेजात तिचा कागद जाणार आहे. मी नाही जाणार तिच्याबरोबर सांगायला."

"दगड आहेस तू."

"आहेच. साल उचल."

येसेनियाने सत्र पुन्हा केलं. या खेपेला तिने इतक्या पायऱ्या लिहिल्या की साध्या बेरजेला पान पुरेना. मग तिचं गणित जे सुटलं ते सुटलंच. मोठ्या विद्यापीठात गेली, वरची पदवी घेतली, आणि आठ वर्षांनी आमच्याच कॉलेजात तासावर शिकवायला परत आली. तिलाही केबिन नव्हती. ती आपली वही घेऊन सरळ माझ्याकडे आली, गुडघा लावून माझा खटका नीट बसवला आणि म्हणाली, "बाई, सरका थोडं."

तेव्हापासून दोघींचं ऑफिस मीच. बाईंचा गुडघा दुखायला लागला तसं शनिवारी येसेनिया एकटीच मला मांडायला लागली. नाताळच्या आधी ती घरून तमाले आणायची, मक्याच्या पानात गुंडाळलेले, आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकेक द्यायची. एका वर्षी कॉलेजने माहितीपत्रक छापलं. त्यावर माझा फोटो आला, भोवती हसरी मुलं, वर लिहिलेलं 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत'. बाई फोटोत होत्या, पण कोपरापर्यंत. बाईंचं बाकीचं अंग कात्रीत गेलं. त्यांनी ते पत्रक मशीनशेजारी लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "बघा, माझं कोपर प्रसिद्ध झालं!"

मग ती जागा निघाली.

अकरा वर्षांनी गणिताची कायमची एक जागा. केबिन, दार, दारावर नाव, आजारपणाची सोय, आणि दर सत्राला चिठ्ठीची वाट बघणं बंद. बाईंना एकसष्टावं लागलं होतं. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत त्यांचं वय काही थांबणार नव्हतं. आणि मित्रांनो, यातली खरी मेख ऐका. नवी जागा काही आकाशातून पडत नाही. तासावरच्यांचे तास गोळा करून ती बनवतात. बाईंचे चार वर्ग त्या जागेत घातले होते. जागा मिळाली तर बाई त्यांच्याच वर्गांवर कायम होणार होत्या, आणि नाही मिळाली तर त्यांच्याकडे एकही वर्ग उरणार नव्हता.

येसेनियाने आधी अर्ज करायला नकार दिला. "तुमच्यासमोर मी उभी राहू? मला नाही जमायचं, बाई."

"माझ्यासमोर नाही, समितीसमोर उभी राहा. आणि मुकाट्याने फॉर्म भर. बाहेरून तीसचाळीस अर्ज येतील. आपल्या दोघींपैकी कुणीतरी आत असलेलं बरं."

मग दोन आठवडे बाई तिची तयारी करून घेत होत्या. माझ्यावरच. स्वतःची तयारी त्यांनी केली नाही. कसली करणार? सतरा वर्षं त्याच माणसांत काढलेली.

"विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काय मदत केलीत, असं विचारतील. सांग."

"आम्ही जिन्याशेजारी एक टेबल..."

"आम्ही कोण? समिती आम्हीला गुण देत नाही. शनिवारी टेबल कोण मांडतं?"

"मी."

"मग तसं सांग. आणि सगळं सांग. त्यांना माहीत असलेलंही सांग. ते लोक समोरच्या कागदावर तू बोललेलंच लिहिणार. बोलली नाहीस ते झालंच नाही."

"बाई, तुम्ही पण सांगाल ना?"

"मला कुणी ओळखत नाही का काय!" बाई हसल्या.

मी तेव्हाच त्यांना चावायला हवं होतं. संधी होती, त्या खटक्याला हात लावत होत्या. पण मी गप्प बसलो.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी अन्सेल्मो अडगळीत आले आणि मला काखोटीला मारून वरच्या मजल्यावर घेऊन गेले. समितीच्या खोलीत पाण्याचा जग ठेवायला टेबल कमी पडलं होतं. मला उमेदवाराच्या खुर्चीजवळ उभं केलं, माझ्यावर जग ठेवला आणि एक स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ. समितीत पाच जण होते. मधोमध डीन वॉरन स्टाउट, त्यांच्या उजव्या हाताला फिल. उरलेल्या तिघांनीही कधी ना कधी माझ्यावर कॉफी सांडलेली.

डीननी सगळ्यांना पुन्हा नियम वाचून दाखवला. "प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच शब्दांत. ओळख असली तरी दाखवायची नाही. मान डोलवायची नाही. आठवण करून द्यायची नाही. या खोलीत बोललं गेलं तेवढ्यालाच गुण. कुणावर अन्याय व्हायला नको."

ऐकलंत? अन्याय व्हायला नको.

नऊ वाजता बाई आल्या. निळा कोट घातला होता, बाहीवर खडूचा डाग तसाच. सतरा वर्षं ज्यांच्याबरोबर रोज बोलल्या त्या पाच जणांनी कागदात बघत म्हटलं, "नमस्कार. आपलं नाव सांगा."

बाईंना हसू आलं. "व्हर्ना ओडम. फिल, तुला माहीत असेल."

फिल हसले नाहीत. कागदावर नाव लिहिलं.

पहिले तीन प्रश्न बरे गेले. फळ्यावर अपूर्णांकाचा भागाकार त्यांनी असा समजावला की खिडकीबाहेर फवारा लावणारा माळीही थांबून बघत होता. मग डीननी चौथा प्रश्न वाचला.

"विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर आधार देण्यासाठी आपण स्वतः काय केलंत ते सविस्तर सांगा."

बाईंनी पाण्यासाठी हात पुढे केला आणि तेव्हा त्यांना मी दिसलो. "अगंबाई, हा इथे कुठे?" म्हणून त्या मोकळेपणी हसल्या. माझ्यावर दोनदा थोपटलं. कडेला चिकटपट्टीचा जुना डाग होता, त्यावरून बोट फिरवलं.

"आता हे मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे तिथेच होतात की. आपल्या तोंडाने आपली आरती कोण ओवाळणार? विचारा पुढचं."

पाच पेनं होती, एकही हललं नाही. फिलनी तोंड उघडलं. डीननी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. फिलनी तोंड मिटलं.

"काही भर घालायची आहे का?" डीननी विचारलं. तेवढं विचारणं नियमात बसत होतं.

"नाही. एवढंच."

सांग गं बाई, सांग! असं मी आतल्या आत किती ओरडलो असेन. सतरा वर्षं सांग, रांग सांग, ते झोपलेलं बाळ सांग. लाकडाला काय हो, ओरडून आवाज फुटतो थोडाच.

अकरा वाजता येसेनिया आली. चौथा प्रश्न झाल्यावर तिची नजर माझ्यावर गेली. आणि मग तिने सगळं सांगितलं. जिना सांगितला, चिप्सचं मशीन सांगितलं, कागदावरचे चार शब्द सांगितले. "दर शनिवारी मी ते टेबल मांडते. मी स्वतः त्या टेबलाशी बसून शिकले. माझं मूल त्या टेबलावर झोपायचं. हेच टेबल ते." खोटा एकही शब्द नव्हता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने 'मी' म्हटलं आणि एकही पायरी गाळली नाही. पाचही पेनं धावत होती.

दुपारी बेरीज करायला बसले. फिलनी पेन खाली ठेवलं.

"वॉरन, हा वेडेपणा आहे. ते टेबल व्हर्नाचं आहे. आपल्या सगळ्यांना माहीत आहे."

"ती तसं म्हणाली?"

"नाही, पण..."

"तिच्या नावाखाली चौथ्या प्रश्नाला तू काय लिहिलंयस?"

"काही नाही लिहिलेलं."

"मग काय करायचं? उद्या बाहेरच्या उमेदवाराने तक्रार केली तर मी हा कागद दाखवणार, फिल. तुझी आठवण नाही दाखवू शकत."

बाकीचे तिघे घड्याळाकडे बघत होते. जेवणाची वेळ टळून गेली होती. फिलनी पेन उचललं आणि रिकाम्या चौकोनात शून्य काढलं. शून्य चांगलं गोल आलं. मग त्यांनी खिशातून संत्रं काढलं, आणि सालं ठेवली कुठे, तर माझ्यावर.

बाकी सगळ्या प्रश्नांत बाई पुढे होत्या. चौथ्याने त्या मागे गेल्या आणि जागा येसेनियाला मिळाली.

बाईंना पत्र आलं ते छापील. 'आपल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' फिल दुसऱ्या दिवशी माझ्याशी येऊन बसले आणि म्हणाले, "व्हर्ना, आमचे हात बांधलेले होते गं."

बाईंनी त्यांच्या हातातलं अर्धं सोललेलं संत्रं बघितलं. "दिसतायत," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून फिल केबिनमध्ये जेवायला लागले.

ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायला सहा दिवस असताना, बाईंना कळवलं की या सत्रात त्यांच्यासाठी तास नाहीत. कुणी आकसाने केलं नव्हतं. त्यांचे चार वर्ग आता येसेनियाचे होते. एक छोटी मेजवानी व्हावी, फुलं द्यावीत, असं काही झालं नाही, कारण तासावरच्यांना निरोप देत नाहीत. ते निघून गेलेत हे कागदोपत्री कुठे दिसतच नाही.

मी जिन्याखाली अडगळीतच होतो. त्याच उन्हाळी सुट्टीत सामानाची मोजदाद करणारे आले. त्यांनी अडगळ उघडली, मला उजेडात ओढलं, एकाला मी चावलोसुद्धा. त्याने शिवी हासडली आणि माझ्या पोटाला एक चकचकीत नंबर चिकटवला. झालो मी कॉलेजच्या डेडस्टॉकवर जमा. बाईंचं नाव सतरा वर्षांत ज्या दप्तरात कायमचं चढलं नाही, तिथे माझं दोन मिनिटांत चढलं.

येसेनियाने मला तिच्या केबिनमध्ये नेलं. तिला वाटलं असणार, आपल्याजवळ राहील. पहिले काही दिवस तिने मला जिन्याशेजारी मांडलंही. पण कायमच्या मास्तरांना समित्या असतात. तिला चार समित्या लावल्या, त्यात एक विद्यार्थ्यांना आधार कसा द्यावा यावर. बैठका नेमक्या शनिवारी. माझ्यावर कॉफीचं यंत्र आलं, मग फायली आल्या. दारावर कागद लागला: 'मंगळवार दहा ते अकरा. आधी वेळ घेऊन यावे.' जिन्याशेजारी आता चिप्सचं दुसरं मशीन ठेवलंय.

टोमॅटोच्या ट्रकांचा हंगाम संपत आला तेव्हा एका मंगळवारी बाई आल्या. अन्सेल्मो त्यांना दारापर्यंत घेऊन आले. बाई वाळल्या होत्या. साठ मैलांवरच्या एका कॉलेजात त्यांना एक वर्ग मिळाला होता, तासावर. मला न्यायला आल्या होत्या.

येसेनियाने घाईघाईने फायली बाजूला केल्या. "बसा ना, बाई." बाई बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. रांगेतली मुलं बसायची त्या बाजूला.

मग येसेनियाच्या तोंडून शब्द फुटले. "बाई, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? मला नंतर फिलनी सांगितलं. मी समजत होते तुमची मुलाखत आधी झालीय, तुम्ही सगळं सांगितलं असेल. मी फक्त माझ्या वाटणीचं बोलले. देवाशपथ, बाई. मला वाटलं, ते दोनदा ऐकतायत."

"मला माहीत आहे गं."

"मग का नाही बोललात? मला घोकून घेतलंत आणि तुम्ही..."

"त्यांना माहीत होतं ना," बाई म्हणाल्या. मग स्वतःशीच मान हलवली. "उत्तर बरोबर होतं माझं. पायऱ्या लिहिल्या नाहीत."

येसेनिया हुंदके देऊन रडायला लागली, अगदी एकोणिसाव्या वर्षी रडली होती तशी. कागदी रुमालांचा डबा तिच्याच बाजूला होता. बाईंनी तो तिच्याकडे सरकवला.

"टेबल तेवढं घेऊन जाते," त्या उठत म्हणाल्या. "तिकडे गाडीच्या डिकीवर वही टेकून शिकवते मी. पोरांचे कागद उडतात."

येसेनियाने डोळे पुसले. मला घडी करायला घेतलं, आणि तिला माझ्या पोटावरचा नंबर दिसला. तिचे हात थांबले.

"बाई, हे डेडस्टॉकवर चढलंय हो. माझ्या केबिनच्या नावावर. पुढच्या महिन्यात मोजणी आहे, आणि माझं पहिलं वर्ष अजून... मी अर्ज करते. वस्तू बाहेर सोडण्याचा फॉर्म असतो. दोन महिन्यांत होईल."

"मी बघत नाहीये," अन्सेल्मो दारातून म्हणाले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "उचला, बाई. काय करणार आहेत? मी सांगेन, मोडलं म्हणून फेकलं."

बाईंनी येसेनियाकडे बघितलं. ती खाली बघत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. समितीची माणसं बघायची तसं तिने कागदात बघितलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "कागदावर आहे ना, मग कॉलेजचंच." त्यांनी माझ्या कडेवरचा चिकटपट्टीचा डाग नखाने थोडा खरवडला, तो निघाला नाही. मग दाराबाहेर गेल्या. गुडघा दुखत होता, जिना उतरताना एकेक पायरी थांबून उतरल्याचं ऐकू येत होतं.

येसेनियाने अर्ज केला का? नाही केला. फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'वस्तू मूळ कोणाची?' तिथे खरं लिहायचं तर पुढचे प्रश्न आले असते. ती दुष्ट नाही, मित्रांनो. ती घाबरलेली आहे, आणि तिला घरी आता बारा वर्षांचं मूल आहे.

काल एक पोरगी आली होती. हातात नापासाचा पेपर, डोळे सुजलेले. दारावरचा कागद वाचला, आत डोकावली, मी दिसलो असेन, कॉफीच्या यंत्राखाली दबलेला. दार वाजवायला हात वर केला आणि परत खाली घेतला. मग गेली. कुठे अडलं होतं तिचं, कोण जाणे.

तर मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपते. जुन्या वस्तूंनी शेवटी, आमची काळजी घ्या, असं म्हणायची रीत आहे. माझी नका घेऊ, मला पुसलं काय नि नाही पुसलं काय, डेडस्टॉकवर मी सुखरूप आहे. पण तुमच्या शाळेत, तुमच्या ऑफिसात कुणी वर्षानुवर्षं असं एखादं टेबल मांडून बसलं असेल, आणि एखाद्या बंद खोलीत त्या माणसाचं नाव निघालं, तर तुम्हाला जे माहीत आहे ते बोला. नियम आडवा आला तरी बोला, डीन डोळे वटारू दे. मी त्या खोलीत होतो आणि सगळं जाणत होतो. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. त्या पाच जणांना होतं, आणि ते त्यांनी संत्र्याला वापरलं.